फोन उचलला नाही की पोटात गोळा येतो

अबोली (सोमवार, रात्री ११.२०)

मुलगी जूनपासून माटुंग्याच्या कॉलेजात जायला लागली. आम्ही मुलुंडला. सहाला सुटते, सातपर्यंत घरी यायला हवी. सात वाजून पाच मिनिटांनी मी फोन करते. उचलला नाही की पोटात गोळा येतो. पुन्हा करते. मग मोबाइलवर मध्य रेल्वेचं काय चाललंय ते बघते, मग बातम्या लावते, आणि तोवर डोक्यात सगळं घडून गेलेलं असतं. दारातून ढकलली गेली, शीवच्या आसपास, लोक जमलेत, कोणाची मुलगी कोणालाच माहीत नाही. मला तिच्या ओढणीचा रंगसुद्धा दिसतो. साडेसातला बेल वाजते. "अगं आई, फोन बॅगेत होता."

एवढ्यावर संपलं असतं तर धागा काढला नसता. ती आली की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मन पुढची जागा शोधतं. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज आहे. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आहे. माझ्या आईच्या सोनोग्राफीत मागच्या वर्षी एक गाठ दिसली, साधी निघाली, पण दर सहा महिन्यांनी बघायची आहे. रात्री अडीचला जाग येते आणि हे सगळे एकामागून एक येऊन उशाशी बसतात. "मन चिंती ते वैरी न चिंती" हे लहानपणापासून ऐकलं होतं, आता रोज अनुभवते.

नेमकी कशाची भीती वाटते तेच सांगता येत नाही. जे माहीत नाही त्याची. ज्यांनी यातून वाट काढली त्यांनी लिहा. "सकारात्मक विचार कर" एवढं मात्र सांगू नका, ते करून झालंय.

कटिंग_चहा

+१. शब्दन् शब्द माझा आहे, फक्त मुलीच्या जागी नवरा आणि मुलुंडच्या जागी वसई. वाचतेय.

नाहूरवाला

मोबाइलवर लाइव्ह लोकेशन चालू ठेवा. प्रश्न मिटला.

अबोली

@नाहूरवाला, ठेवलं होतं. तीन आठवडे. एके दिवशी ठिपका विद्याविहारला बारा मिनिटं थांबला आणि मी चप्पल घालून जिना उतरले होते. तिच्या फोनची बॅटरी संपली होती. तेव्हापासून बंद केलं.

शिवडीची_भरती

लोकेशनबद्दल अबोलीशी सहमत. खारं पाणी प्यायल्यासारखं आहे ते. मी स्वतः त्यातून गेले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

माझं गॅसच्या नॉबवरून सुरू झालं. घरातून निघायचं, बसस्टॉपपर्यंत जायचं, शंकेची पाल चुकचुकायची आणि परत यायचं. ऑफिसात लेटमार्क लागायला लागले. मग युक्ती काढली, निघताना नॉबचा फोटो काढायचा. पहिले चार दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी वाटलं, हा फोटो आजचाच ना? मग तारखेसकट. मग फोटो काढताना चुकून हात लागला असेल तर? मग व्हिडिओ. वर्षभरात फोनमध्ये चारशेच्या वर फोटो होते, सगळे शेगडीचे.

माझी आजी याला मंत्रचळ म्हणायची. डॉक्टरांनी ओसीडी म्हटलं. उपचार ऐकून मी रडले होते, कारण उपचार असा होता की एकदाच बघायचं आणि निघायचं, आणि जी घालमेल होईल ती होऊ द्यायची. परत फिरायचं नाही, फोटो नाही, नवऱ्याला विचारायचं नाही. पहिल्या दिवशी कॉटन ग्रीनपर्यंत घामाने भिजले होते. पण ती घालमेल आपणहून उतरते. मी काहीही न करता ती उतरते, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत प्रत्येक वेळी मी परत जाऊन ती उतरवत होते, त्यामुळे तिला आपणहून उतरायची संधीच मिळत नव्हती.

अबोली, तुझा सात वाजून पाच मिनिटांचा फोन म्हणजे माझा नॉबचा फोटो आहे. तुला ओसीडी आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर सांगतील. पण खात्री मिळाली की मन शांत न होता जास्त खात्री मागतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

गिरगाव_चाळ

आमच्या वेळी हे फोनच नव्हते, त्यामुळे वाट बघण्याची सवय होती. १२ मार्च १९९३ ला शहरात बारा ठिकाणी स्फोट झाले. वडील नरिमन पॉइंटला नोकरीला, एअर इंडियाच्या इमारतीपासून जवळच. चाळीत एकाच बिऱ्हाडात फोन, आणि तो लागत नव्हता. आई गॅलरीत बसली आणि तिने तांदूळ निवडायला घेतले. ते संपल्यावर शेजारणीने आपले आणून दिले. मग तिसरीने. सगळ्या बायका तिच्याबरोबर बसून तांदूळ निवडत होत्या, कोणी काही बोलत नव्हतं. वडील चालत पावणेनऊला आले.

हातांना काम आणि बाजूला माणूस. एवढंच सांगतो.

कटिंग_चहा

काका, वाचताना काटा आला. पण एक विचारू का? त्या दिवसानंतर आई कशा होत्या?

गिरगाव_चाळ

चांगला प्रश्न विचारलात, आणि खरं उत्तर द्यायला हवं. वडील निवृत्त होईपर्यंत ते घरी आल्याशिवाय आई जेवली नाही. पावसाळ्यात गाडी लेट झाली की तिचे हात थरथरायचे. आम्ही त्याला "आईचा स्वभाव" म्हणायचो. डॉक्टर रक्तदाबाची गोळी द्यायचे. दुसरं काही असू शकतं हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. "आमच्या वेळी सवय होती" हे वाक्य मी मागे घेतो. सवय नव्हती, नाव नव्हतं.

रातराणी_२२

@गिरगाव_चाळ, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला.

अबोलींच्या "जे माहीत नाही त्याची भीती" या वाक्यावर एक प्रयोग आठवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला. ४५ जणांना संगणकावर खडक दाखवायचे आणि खाली साप आहे की नाही ते ओळखायला सांगायचे. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. शक्यता बदलत ठेवली होती. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजल्या. सगळ्यात जास्त ताण कधी, तर झटका बसायची शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका नक्की बसणार हे माहीत असताना माणसं त्यापेक्षा शांत होती!

मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. इंडिकेटरवर काहीच नाही, घोषणा नाही, अशा वेळी प्लॅटफॉर्मवर माणूस वाकून वाकून रुळांकडे बघत असतो. गाडी रद्द म्हटलं की शिव्या घालतो आणि सरळ बस पकडायला निघतो. वाईट बातमी पेलता येते, रिकामा इंडिकेटर पेलत नाही. म्हणून मन त्या रिकाम्या पाटीवर स्वतःच काहीतरी लिहून टाकतं, आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट तेच लिहितं.

भांडुप_पश्चिम

सगळं ठीक आहे, पण इथे प्रत्येक भीती मनाचा खेळ असल्यासारखं बोलणं चाललंय त्याला माझा विरोध आहे. आमची बिल्डिंग पाडून तीन वर्षं झाली. बिल्डरने चौदा महिने भाडं दिलेलं नाही. मधे माझी नोकरी गेली. रात्री अडीचला मलाही जाग येते आणि मी जे मोजतो ते खरे हप्ते असतात. मला समुपदेशन नको, भाडं हवंय.

दवबिंदू

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, मुंबईतच काम करते. @भांडुप_पश्चिम, तुमच्याशी मी सहमत आहे. ज्याला तारीख, रक्कम आणि पत्ता आहे तो प्रश्न असतो. ज्याची सुरुवात "समजा" किंवा "तर?" ने होते ती काळजी असते. प्रश्नाला वकील, सोसायटीची सभा, हिशोब लागतो, आणि तिथे "श्वासाकडे लक्ष द्या" सांगणं हा अपमान आहे. अडचण एवढीच की रात्री अडीचला दोन्हींचा चेहरा सारखाच दिसतो. म्हणून दिवसा कागदावर लिहून वेगळं करायचं.

अबोली, इथे निदान करता येत नाही आणि मी करणार नाही. पण सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, वेगवेगळ्या विषयांची आवरता न येणारी काळजी, सोबत झोपमोड, चिडचिड, मान-खांदे आखडणं, थकवा असं असेल तर तो "स्वभाव" म्हणून सोडून द्यायचा नाही. आधी थायरॉइड तपासून घ्या. थायरॉइड वाढलेलं असेल तर छातीत धडधड, हात थरथरणं, बेचैनी हे सगळं हुबेहूब चिंतेसारखं दिसतं. चहा-कॉफी किती होते तेही बघा.

कालपासून दोघींनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) एकच विचारलं, म्हणून इथेच लिहिते: "इतके भयंकर विचार येतात म्हणजे मीच वाईट आहे का?" नाही. १९७८ मध्ये रॅकमन आणि डिसिल्व्हा यांनी कोणताही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा बहुतेकांना असे नकोसे, भीतिदायक विचार येत असल्याचं दिसलं. विचार सारखेच होते. फरक एवढाच की बाकीचे त्यांना दारात थांबवून चौकशी करत नाहीत.

वडाची_पारंबी

डॉक्टर, ती व्यनिवाली एक मी. इथे विचारायचं धाडस करते. माझ्या सासूबाई म्हणतात वास्तुपुरुष दिवसभर तथास्तु म्हणत असतो, म्हणून अभद्र बोलू नये. बोलत नाहीच, पण मनात तर येतं. मग मी लगेच "नको नको, देवा" असं सात वेळा म्हणते. सहा झाले की नऊ असा गोंधळ झाला तर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या विचारामुळे मुलाला काही झालं तर?

दवबिंदू

धाडस केलंत ते फार बरं केलंत. विचाराने अपघात होत असते तर विचाराने लॉटरीही लागली असती, आणि मुंबईत एकाही माणसाला लोकलने जावं लागलं नसतं. पण हा तर्क तुम्हालाही माहीत आहे, आणि माहीत असूनही सात वेळा म्हणावं लागतं, हेच लक्षण आहे. हे चांगलं बरं होतं. कृपया भेटून घ्या, माझ्याकडेच असं नाही. केईएम, नायर, शीव या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. फोनवर बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फुकट, मराठीतही, कोणत्याही वेळी.

शिवडीची_भरती

पारंबी, मी तुला व्यनि केलाय. तू एकटी नाहीस गं.

जपमाळ

मला नामस्मरणाने फार आधार मिळाला. पहाटे अर्धा तास. ज्यांना जमेल त्यांनी करून बघावं, खर्च काही नाही.

परळचा_पूल

@जपमाळ, तुमच्या श्रद्धेचा आदर आहे, पण एक सांगतो. माझ्या वाईट काळात मला एका नातेवाइकांनी सांगितलं, "तुझा जप मनापासून होत नाही म्हणून भीती वाटते." मग भीतीही आणि वर अपराधही.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. मी त्या जिन्याला नेहमीच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं उशिरा पोचलो. मला खरचटलंही नाही. पण आठवड्याभराने जिना दिसला की छाती आवळायला लागली. मी दादरला उतरून चालत जायला लागलो. मग दादरच्या पुलावरही तेच, म्हणून बस. मग बसमध्ये गर्दी. २०१८ च्या फेब्रुवारीत लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला, मी त्याच्यावर पाय ठेवला नाही. वर्षभरात माझी मुंबई चार गल्ल्यांची झाली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो असा पाठीमागून येतो. एक पाऊल मागे घेतलं की तो दोन पुढे येतो.

उतरलो कसा? समुपदेशक बाईंनी माझ्याबरोबर शिडी आखली. रविवारी सकाळी सातला रिकाम्या पुलाखाली नुसतं उभं राहायचं. पुढच्या आठवड्यात पाच पायऱ्या. मग एकट्याने पार. मग दुपारी. सहा महिन्यांनी संध्याकाळी सव्वासहाला, गर्दीत. आजही पाय टाकताना एक क्षण छातीत काहीतरी हलतं. हलू दे. मी जातो.

जपमाळ

परळ, तुमच्याशी तसं बोलणारे चुकले. नाम हे कोणाला तोलायचं माप नाही. मीही गोळी घेते आणि जपही करते, हे आधीच लिहायला हवं होतं.

माटुंगा_लेबर_कॅम्प

अवांतर: मुलगी माटुंग्यात शिकते आणि डॉक्टर कॉफी मोजायला सांगतायत? पोरगी फिल्टर कॉफीच्या रांगेत उभी असणार, म्हणून उशीर. हलके घ्या.

अबोली

@माटुंगा_लेबर_कॅम्प, दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. आणि हो, तसंच निघालं. शुक्रवारी मैत्रिणींबरोबर इडली.

सांताक्रूझ_९४४

लहानपणची गोष्ट आठवते? वैद्य औषध देतो आणि म्हणतो, घेताना माकड आठवायचं नाही. त्या माणसाला जन्मात कधी माकड आठवलं नव्हतं, आता पेला तोंडाला लावला की माकड हजर. अमेरिकेत वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये याच धर्तीवर प्रयोग केला, फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल. पाच मिनिटं ते आठवायचं नाही, आठवलं की घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या.

मला २६ जुलै २००५ नंतर पावसाचा आवाज सहन व्हायचा नाही (नाव का घेतलं ते कळलं असेल, त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला). "विचार करू नको" म्हणून वीस वर्षं स्वतःशी भांडलो. मग काळजीची वेळ ठरवणं शिकलो. रोज संध्याकाळी सहा ते सहा-वीस, वही घेऊन बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. रात्री विचार आला की त्याला सांगायचं, उद्या सहाला ये. हाकलायचं नाही, वेळ द्यायची. गंमत म्हणजे सहा वाजता अर्ध्यांचं काय म्हणणं होतं तेच आठवत नाही.

कटिंग_चहा

हे आजपासून करून बघते. गोळ्यांबद्दल कोणी लिहील का? सवय लागते म्हणतात.

दवबिंदू

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. चिंतेवर नेहमी जी औषधं देतात त्यांतल्या एसएसआरआय गटाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्यांची चटक लागत नाही. मात्र बंद करायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. ज्यांनी अर्ध्या तासात शांत वाटतं त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्या दिवसांसाठीच. शेजारणीच्या पट्टीतली अर्धी गोळी, हे मुंबईत मी सर्वांत जास्त ऐकते. कृपया नको. आणखी एक, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरणं बंधनकारक आहे. आपली पॉलिसी काढून वाचा.

उनाड_१९

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिते. मी त्या मुलीच्या जागी आहे. कॉलेज दादरला, घर ठाण्याला.

संध्याकाळी लेडीज डब्यात माझा एक हात वर कडीला असतो आणि दुसरा दोन बायकांच्या मध्ये अडकलेला असतो. बॅग पोटावर. फोन बॅगेत वाजतोय हे पोटाला कळतं, पण हात पोचत नाही. सात वेळा थरथरतो. मला माहीत असतं की घरी आई आता रडत असणार. घाटकोपरला डबा थोडा हलका होतो तेव्हा मी गर्दीतून हात काढायची धडपड करते, एकदा त्या नादात दाराकडे ढकलले गेले होते. हे मी आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती उद्यापासून स्टेशनवर येईल.

आता मी तिला खोटं सांगते. लेक्चर साडेसहापर्यंत आहे म्हणते, म्हणजे तिची भीती अर्धा तास उशिरा सुरू होईल. मला तिचा राग नाही येत काकू. पण तिची भीती सांभाळून मी दमते.

अबोली

उनाड, तुझं लिहिलेलं चार वेळा वाचलं. काय लिहू कळत नाही. उद्या लिहिते.

नाहूरवाला

मीही लाइव्ह लोकेशन सुचवणं मागे घेतो.

अबोली (तेरा दिवसांनी, रविवार दुपार)

उशीर झाला. मधे बरंच घडलं.

त्या रात्री मी लेकीला विचारलं, "माझा फोन वाजतो तेव्हा तुझं काय होतं?" ती आधी "काही नाही" म्हणाली. मग अर्धा तास बोलली. तीही दोनदा खोटं बोलली होती. मग आम्ही ठरवलं की ती प्लॅटफॉर्मवर उभी असताना एक मेसेज टाकेल, "निघाले". त्यानंतर मी फोन करायचा नाही. विसरली तर नऊपर्यंत काही करायचं नाही. शिवडी, तू व्यनिमध्ये म्हणालीस की हा मेसेजही नवा फोटो होऊ शकतो. खरं आहे. पण एका दमात सगळं सोडणं मला जमणार नव्हतं.

पहिले चार दिवस नीट गेले. पाचव्या दिवशी पाऊस, आणि मेसेज नाही. सात वाजले. मी मेथी निवडायला घेतली, गिरगावकर काकांची आई डोळ्यांसमोर ठेवून. सव्वासात. हाताला घाम येऊन पानं चिकटत होती. ओढणीचा रंग दिसायला लागला. मी त्याला हाकललं नाही, म्हटलं, दिसू दे. साडेसातला शेजारच्या वहिनींना हाक मारली, त्या येऊन बसल्या, मी त्यांना कारणही सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. त्यांनी दुसरी जुडी घेतली. आठला मी हरले आणि फोन केला. तिने उचलला नाही. मग मात्र पुन्हा केला नाही. सव्वाआठला आली, भिजून चिंब, कुर्ल्याला गाडी अडकली होती. म्हणाली, "आई, एकच मिस्ड कॉल?"

नेहमी असे अकरा असतात.

थायरॉइड नॉर्मल आलं. पालिकेच्या रुग्णालयात जाऊन आले, नवरा बरोबर होता. रांग मोठी होती, पण डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. औषध सुरू केलंय आणि दर आठवड्याला एक सत्र. रात्रीची जाग अजून येते. भांडुप, तुम्ही लिहिलंत म्हणून आम्ही दोघांनी बसून हिशोब मांडला, नोकरी गेली तर किती महिने निघतील. सात. मला वाटत होतं एकही नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाचला आईचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आहे. ते अजून मला जमत नाहीये.

भांडुप_पश्चिम

सात म्हणजे बरेच आहेत हो. आमच्या सोसायटीची सभा झाली, वकील नेमला. भाडं अजून नाही.

वडाची_पारंबी

मी मंगळवारची वेळ घेतली आहे.

उनाड_१९

काकू, मी हा धागा आईला पाठवला. अजून उत्तर नाही आलं तिचं. निळ्या खुणा आल्यात.

गिरगाव_चाळ

अबोली, गुरुवारी पाचला मी इथे आहे.